माळ घालायच्या आधी एकदा डॉक्टरकडे

आषाढात आमच्या कोल्हापुरात दोन गोष्टी एकाच महिन्यात होतात. एकादशीला नंदवाळच्या दिंडीत चालत जाऊन कित्येक जण गळ्यात तुळशीची माळ घालतात आणि दारू-मटण सोडतात. पुढे अमावस्येला, श्रावण लागायच्या आधी, गल्लोगल्ली जेवणं होतात आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर बाटल्याही येतात. माझं पेठेत औषधाचं दुकान आहे. दोन्ही दिवसांनंतर माझ्याकडे गर्दी होते, पण गिऱ्हाईक वेगळं. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी पुरुष येतात, डोकेदुखीची आणि पित्ताची गोळी मागायला. एकादशीनंतर दोन-तीन दिवसांनी बायका येतात, दुकान रिकामं होईपर्यंत बाजूला थांबतात आणि हळूच झोपेची गोळी मागतात. स्वतःसाठी नव्हे, नवऱ्यासाठी.

हे लिहायला घेतलं ते त्या बायकांसाठी.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला असलेला माणूस. दिवसभर भट्टीच्या धगीत काम, शिफ्ट सुटली की दारूची क्वार्टर, आणि पुढे पुढे सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून उठल्या उठल्या नाइन्टी. घरात भांडणं झाली, मुलीनं बोलणं टाकलं, आणि त्यानं मनापासून ठरवून एकादशीला माळ घातली. त्यानंतर एक थेंब घेतला नाही. घरच्यांना आभाळ ठेंगणं झालं. पहिल्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी घाम आणि हातांना कंप, चहाची बशी तोंडापर्यंत जाईना. सगळे म्हणाले, दारू उतरायलीय, व्हतंय तसं. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याची बायको दुकानात आली.

"वैनी, झोपंची एखादी गोळी द्या की. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. भिताडावर मुंग्या चढालत्यात म्हणालाय. मेलेल्या बापासंगट बोलालाय. सासूबाई म्हणत्यात बाहेरचं हाय, उद्या देवऋष्याकडं न्यायचं."

मी गोळी दिली नाही. अंग गरम लागतंय का, शेवटची कधी घेतली, फिट आली होती का, एवढं विचारलं आणि रिक्षा करून त्याच पावली सीपीआरला, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, न्यायला सांगितलं. तिला पटेना. "दारू पिऊन पडला तवा दवाखान्यात नेलं न्हाई, आता सोडलीय तर कशाला न्यायचं?" तिचा प्रश्न अगदी साहजिक होता. आणि नेमकं इथंच माणसं जातात.

वर्षानुवर्षं रोज दारू पोटात जात असेल तर मेंदू तिच्या गुंगीला सरावतो. दारू दाबत राहते म्हणून तो उलट्या बाजूनं जोर लावत राहतो. एक दिवस दारू एकदम थांबते, पण मेंदूचा जोर तसाच राहतो. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना तो टप्पा येतो, ज्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दिवस-रात्र कळत नाही, किडे-मुंग्या दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं होतं, ताप चढतो, बीपी आणि नाडी वर-खाली होते. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यू येतो. लोकांना हे खरं वाटत नाही, कारण सोडल्यावर जीव जाईल असं एकच व्यसन त्यांना माहीत असतं, आणि ते गर्द, म्हणजे ब्राउन शुगर. दारूचं सुटणं त्याहून धोक्याचं ठरू शकतं.

तो माणूस वाचला. हॉस्पिटलात नाडी, बीपी, श्वास बघून गोळ्या-इंजेक्शनं दिली, दर दिवशी डोस उतरवत नेला, थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व शिरेतून दिलं. आठवड्याभरानं तो चालत घरी आला. नंतर त्याची बायको मला म्हणाली, तिथं झोपंचीच गोळी दिली की, मग तुमी का दिली न्हाई? वर्ग तोच, हे खरं आहे. पण किती द्यायची हे त्या माणसाच्या लिव्हरवर, श्वासावर, तासागणिक बदलणाऱ्या नाडीवर ठरतं. घरी ती गोळी घेऊन वर त्यानं राहवेना म्हणून दारू प्यायली असती तर झोपेत श्वास थांबू शकला असता. म्हणून काउंटरवरून नाही.

कधीमधी पार्टीत घेणाऱ्या माणसानं आजपासून बंद केली तर त्याला काही होत नाही. त्यानं खुशाल आजच बंद करावी. काळजी कुणाची? जो रोज घेतो आणि भरपूर घेतो, ज्याला सकाळी लागते, ज्याला पूर्वी सोडताना फिट किंवा भास झालेत, ज्याचं वय झालंय किंवा ज्याला लिव्हर, हृदय, शुगरचा आजार आहे. अशा माणसानं डॉक्टरशिवाय एकदम बंद करू नये, आणि घरच्यांनी त्याला शपथ घालून करायला लावू नये. जोतिबाची नको, लेकराच्या डोक्यावर हात ठेवूनही नको.

माळेबद्दल मात्र माझ्या मनात आदरच आहे. माझे आजोबा माळकरी होते. माळ घातलेल्या माणसाला संध्याकाळी भजनाला जायला जागा मिळते, पंगतीत कुणी ग्लास पुढं करत नाही, चार माणसं त्याच्याकडे लक्ष ठेवतात. व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला यापेक्षा मोठा आधार क्वचितच मिळतो. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी डॉक्टर, पाच-सात दिवसांची औषधं, शरीर स्थिर होऊ दे, मग माळ. पांडुरंग आठवडाभर थांबतो.

दुसरी मागणी पावडरीची. "पेशंटच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती तुम्ही एसटी स्टँडवर, भिंतींवर, आता मोबाइलवरही पाहिल्या असतील. त्या पुड्यांत काय असतं हे पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. काही जणी मात्र डायसल्फिरामचं नाव चिठ्ठीवर लिहून आणतात आणि भाजीत मिसळायचं म्हणून मागतात. हे खरं औषध आहे आणि डॉक्टर ते वापरतात, पण ज्याला ते माहीत आहे आणि ज्यानं ते स्वतः घ्यायचं ठरवलंय त्याच्यासाठी. ते शरीरात असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली. हृदय कमकुवत असेल तर जिवावर बेततं. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. नवऱ्याला माहीतच नसेल तर तो नेहमीसारखा पिणार. बायको भाजी वाढते, नवरा बाहेर जाऊन क्वार्टर मारतो, आणि रात्री दोघंही कॅज्युअल्टीत. आणि वाचला तरी तो परत घरचं जेवण विश्वासानं जेवेल का? चोरून काहीही देऊ नका, हे मी प्रत्येकीला हात जोडून सांगते. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी ओढ कमी करणारी औषधंही आहेत. ती लिव्हर-किडनी तपासून, माणसाच्या संमतीनं दिली जातात.

सलाइनचंही सांगून टाकते. अशक्तपणा आला की आपल्याकडे "एक ग्लुकोज लावा" असा आग्रह असतो. खूप वर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन संपत आलेलं असतं. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तोल जातो, डोळे नीट हलत नाहीत, आठवण पुसली जाते. म्हणून ज्या डॉक्टरकडे न्याल तिथं "हा रोज पितो" हे पहिल्या वाक्यात सांगा. लाजून नुसतं "अशक्तपणा आलाय" सांगितलं की उपचार चुकीच्या दिशेनं जातात.

आता जे घेतात पण ज्यांना अजून त्रास नाही, त्यांच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं पूर्ण सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. दारूमुळे कॅन्सर होतो हे तर १९८८ पासून नोंदलेलं आहे. त्यामुळे "थोडी तब्येतीला चांगली" हे डोक्यातून काढा. पण जे घेणारच आहेत त्यांनी निदान मोजावं. आमचे हे मित्रांबरोबर कधीतरी घेतात. एकदा मी त्यांना नेहमीसारखा पेग स्टीलच्या पेल्यात ओतायला सांगितला आणि कफ सिरपच्या बाटलीवरच्या मापाच्या टोपणानं तो मोजला. त्यांच्या अंदाजानं साठ होता. टोपणं भरत गेली, भरत गेली, आणि माप नव्वदच्या पुढं गेलं. त्या दिवसापासून आमच्या कपाटात मोजायचा छोटा ग्लास आहे.

हिशोब असा. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलिलिटरमध्ये साधारण १० ग्रॅम. हे एक माप धरा. मग साठचा पेग दोन मापं, आणि १८० ची क्वार्टर सहा. बिअरवाले म्हणतात मी फक्त बिअर घेतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत चाळीस ग्रॅम, म्हणजे चार मापं. दोन बाटल्या घेतल्या की क्वार्टर ओलांडून वर गेलात. लिव्हर ढोबळमानानं तासाला एक माप निपटतं. कॉफीनं, लिंबानं, गार पाण्यानं आंघोळ केल्यानं हा वेग वाढत नाही. रात्री बाराला व्हिस्कीची अर्धी बाटली संपवली असेल तर सकाळी सातच्या शिफ्टला मोटारसायकलवर जाताना बरीच दारू अजून रक्तात असू शकते. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, पन्हाळ्याच्या आणि गगनबावड्याच्या रस्त्यावरची वळणं सगळ्यांना माहीत आहेत.

आमच्याकडची एक पद्धत मला फार खटकते. जेवण शेवटी. आठला बसायचं, शेंगदाणे-चिवड्यावर बारापर्यंत प्यायचं आणि मग मटण. रिकाम्या पोटी दारू भराभर चढते. आधी दोन भाकऱ्या, रस्सा पोटात गेला तर तीच दारू सावकाश भिनते आणि हातही आखडतो. यजमानांनी पान आधी वाढावं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर न जेवता पिणं म्हणजे झोपेत साखर उतरणं, आणि बरोबरच्यांना वाटतं चढलीय म्हणून झोपलाय. झोपेच्या गोळ्या, अंगदुखीच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोल हे जंतूंवरचं औषध चालू असताना दारू घेऊ नका. मंडळात "एक घे की भावा" म्हणून गळ्यात पडणाऱ्यांना सांगा, औषध चालू आहे, मेडिकलवाल्या वैनींनी नको म्हटलंय. माझं नाव बिनधास्त पुढं करा. आणि कुणी जास्त पिऊन निपचित पडला तर उताणा सोडून जाऊ नका, कुशीवर वळवा, जवळ थांबा. हाक मारून उठत नसेल, श्वास अडखळत असेल तर १०८ ला फोन करा.

बायकाही पितात. शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यानं तेवढ्याच दारूनं त्यांच्या रक्तात जास्त अल्कोहोल साठतं, आणि लाजेमुळे त्या मदतीला फार उशिरा येतात. गरोदरपणात तर एक थेंबही नको.

हद्द कुठं ओलांडली हे ओळखायला डॉक्टर चार प्रश्न विचारतात. कमी करायला हवी असं कधी वाटलंय का? पिण्याबद्दल कुणी बोललं की राग येतो का? पिण्यावरून मनाला खात राहतं का? सकाळी उठल्या उठल्या लागते का? दोन किंवा जास्त उत्तरं "हो" असतील तर तपासून घ्या. शेवटच्या एकाच प्रश्नाला "हो" असेल तरी वाट बघू नका, डॉक्टरकडे जा.

जायचं कुठं? सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे, सरकारी दरात काम होतं. "वेड्यांच्या डॉक्टरकडं कशाला" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता लगेच सांगते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रास आजार म्हणूनच धरले आहेत. टायफॉइडला डॉक्टर, तसा याला डॉक्टर. घरातून उठवत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावा, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. व्यसनासाठीच १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. दोन्ही फुकट. आणि हा फोन पिणाऱ्यानंच केला पाहिजे असं नाही, बायकोनं, भावानं, कॉलेजातल्या पोरीनं केला तरी चालतो.

पुढची सोबत ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झालेली ही चळवळ १९५७ पासून भारतात आहे. फी नाही, नाव-आडनाव विचारत नाहीत, जात-पक्ष विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. मी सांगितलेला तो फाउंड्रीतला माणूस आता मीटिंगला जातो. मधे एकदा साडूच्या लग्नात घसरला. त्याच आठवड्यात परत डॉक्टरकडे गेला, आणि परत मीटिंगला. त्याची बायको मला सांगत होती, तिथं वर्गातल्या बाकावर एक रिक्षावाला आणि एक इंजिनीअर शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकाला मध्यरात्रीही फोन करतात. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे गट असतात. मला तर वाटतं, नवरा तयार नसेल तर बायकोनं आधी एकटीनं तिथं जावं. त्याची तयारी होईपर्यंत तिनं का जळत बसायचं? महिनाभर दाखल व्हायची वेळ आली तर पुण्याचं मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं सुरू केलेलं. तिथं बायकांसाठी सहचरी गट चालतो.

गावोगावी व्यसनमुक्ती केंद्राच्या पाट्या लागल्यात, त्यात निवड करताना डोळे उघडे ठेवा. नोंदणी आहे का विचारा, दाखला बघायला मागा. डॉक्टर येतात का, रात्री फिट आली तर काय करता, घरच्यांना भेटू देता का, हे विचारा. बांधून, साखळी लावून ठेवणं कायद्यानं बंद आहे. "आमच्याकडं दोन फटक्यांत सरळ होतात" असं अभिमानानं सांगणारा भेटला तर त्याच रिक्षातनं माणसाला परत आणा.

डॉक्टरकडे जाताना एक कागद न्या. रोज काय आणि किती, किती वर्षं, सकाळी लागते का, शेवटची कधी घेतली त्याची वेळ, पूर्वी सोडताना काय झालं होतं, बीपी-शुगरच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत टाका, नावं पाठ करत बसू नका. आधीचे रिपोर्ट असतील तर तेही. आणि जायचं ठरल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंत, रोज पिणाऱ्याची दारू आपल्या मनानं एकदम तोडू नका. कंप, ताप, भास किंवा फिट सुरू झालीच असेल तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. कागद लिहायला जमत नसेल तर माझ्यासारख्या कुठल्याही मेडिकलवालीला सांगा, ती लिहून देईल.